समेटाचं शिबिर, सोलापूर : जेवण फक्कड, माईक बेकार, पण काम होतं

चार स्टार देतेय. चर्चचं नाव टाकत नाही हे आधीच सांगते, म्हणजे खाली कुणी "ताई नाव सांगा ना" म्हणून मागे लागायला नको. सोलापूर केवढं, त्यात आपली ख्रिस्ती मंडळी केवढी, एक नाव टाकलं की कोण आलं होतं, कुणाचं कुणाशी बिनसलंय सगळं सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत संध्याकाळच्या आत पोचतं. पाळकसाहेबांनीही (म्हणजे पास्टरांनीही) हीच विनंती केली होती. ज्याला गरज आहे त्यानं आपापल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विचारावं, कुणाला ना कुणाला माहीत असतंच.

तर हे आहे काय, की शनिवार-रविवारचं शिबिर, आणि नंतर समोरच्या माणसाबरोबर एक बैठक, तीही समोरचा तयार झाला तरच. भावाभावांत बोलणं बंद, आई-मुलीत बंद, सासरा-जावई, दोस्त-दोस्त, असली सगळी मंडळी येतात. फी काही नाही, जेवणाचे फक्त तीनशे रुपये घेतात आणि ज्याला जमत नाही त्याला कुणी मागतही नाही. मी मुळात जायला तयारच नव्हते. मला वाटलं दोन दिवस रडारड होणार, शेवटी सगळ्यांना हात वर करायला लावणार, "मी क्षमा केली" म्हणायला लावणार आणि सोमवारी परत जैसे थे. असले प्रकार मी पाहिलेत. पण नणंद मागे लागली, तिनंच नाव घातलं, आणि गेले.

गेल्या गेल्या एक फॉर्म भरायला देतात, मला वाटतं सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. कुणाशी बोलणं बंद आहे, शेवटचं काय बोललात, पैशाचा किंवा घराचा वाद आहे का, कोर्टात केस आहे का, आणि मारहाण, धमकी, दारू असलं काही आहे का. या शेवटच्या प्रश्नाला ज्यांनी हो लिहिलं त्यांना बाजूच्या खोलीत नेलं, तिथे एक रिटायर सिस्टर बसल्या होत्या (नर्स, मठातल्या नव्हे) आणि एक वकीलबाई. त्यांना समेट करा वगैरे कुणी सांगितलं नाही, उलट 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काय आहे, संरक्षण अधिकारी कोण असतो, 181 वर फोन केला की काय होतं हे सांगितलं. मी बाहेर आल्यावर त्या रिटायर सिस्टरना म्हणलं, चर्चमध्ये हे पहिल्यांदा बघतेय. त्या म्हणाल्या, "मार खाणाऱ्या बाईला सत्तर वेळा सात क्षमा करायचं वचन ऐकवलं की ती मरते बाळा, मी वॉर्डात बघितलंय." सगळे त्यांना मावशीच म्हणतात, मीही म्हणते.

आमचं प्रकरण थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वडील गेल्यावर घर आईकडे होतं, आई गेल्यावर दादा म्हणाला हक्कसोड करून दे, म्हणजे घरातला तुझा वाटा सोडून दे. मी म्हणलं का? तर "बहिणी सोडतातच की" एवढंच उत्तर. आता आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, 1925 चा, मृत्युपत्र नसलं की मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी, हे दादाला माहीत नव्हतं असं नाही. मी सही केली नाही, त्यानं बोलणं टाकलं. आईच्या दफनालाच सुरुवात झाली होती म्हणा, कबरस्तानात तो एका बाजूला त्याच्या पुण्याच्या लोकांबरोबर आणि मी दुसऱ्या बाजूला, माती टाकायला पण वेगवेगळं गेलो. माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. वहिनीनं पाकीट पाठवलं कुणाच्या तरी हाती, ते मी परत केलं.

शनिवारी सकाळी पाळकसाहेबांनी बायबलमधलं मत्तय 5 घेतलं, वेदीवर दान आणलंय आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो, प्रभुभोजनाच्या आधी तर हमखास. पण त्यांनी एक गोष्ट दाखवली जी माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. येशू हे बोलतोय गालीलात, डोंगरावर, आणि वेदी आहे यरुशलेमात. मध्ये शंभर किलोमीटरच्या वर अंतर, इथून पंढरपूर सुद्धा त्याच्यापेक्षा जवळ. म्हणजे माणूस दिवसच्या दिवस चालून यरुशलेमला पोचला, कोकरू घेऊन रांगेत उभा राहिला आणि आता सांगतात की परत जा घरी, भावाला भेट, मग ये. ऐकणाऱ्या गालीलकरांना ते केवढं वेडपट वाटलं असेल! मागच्या रांगेतले एक काका मोठ्यानं म्हणाले, "आन् कोकरू कोण सांभाळणार तवर?" सगळे हसले, पाळकसाहेब पण. पण मुद्दा बसला, की समेट म्हणजे उपासना झाल्यावर व्हरांड्यात उरकायचं काम नाही, त्याला तिकीट काढावं लागतं, रजा टाकावी लागते, खर्च येतो.

आता जेवणाचं. आमटी, कडक भाकरी, शेंगा चटणी वर दही, आणि रविवारी काळ्या मसाल्याचं मटण-भात. चटणी कुणाच्या तरी घरची उखळात कुटलेली होती, तेल सुटलेली, दुकानातली नव्हे, आम्ही दोघीतिघींनी कागदात बांधून घरी पण नेली. तीनशे रुपयात असलं जेवण नव्या पेठेत तरी दाखवा मला. फक्त शनिवारी शहराच्या निम्म्या भागात पाणी यायचा दिवस होता त्यामुळे अर्ध्या बायका भांडी-पिंपं भरून अकराला उगवल्या आणि पहिलं सत्र त्यांच्यासाठी परत थोडक्यात घ्यावं लागलं. सोलापुरात कार्यक्रम ठेवताना पाण्याचा दिवस बघून ठेवायचा असतो हे आयोजकांना मी सांगायला नको. हॉल गरम, कूलर दोनच, आणि कूलर चालू केला की माईक घुं घुं करतो. माईकवाल्या पोरानं तो दोन्ही दिवस दुरुस्त केला आणि दोन्ही दिवस तो तसाच राहिला.

दुपारच्या सत्रासाठी मात्र मी परत जाईन. याकोब आणि एसाव, बायबलमधले दोघे भाऊ. उधळ्या पुत्राची गोष्ट, पैसा उडवून परत आलेल्या मुलाला बाप जवळ घेतो ती, येणार असं आम्ही धरूनच चाललो होतो, पण पाळकसाहेब म्हणाले ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि प्रत्येकजण त्यात स्वतःला बाप समजतो, म्हणून आज नको. उत्पत्ति 32 आणि 33 काढा म्हणाले. बहुतेकांना एवढंच आठवतं की याकोबानं डाळीवर एसावाचं ज्येष्ठपण घेतलं, आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद घेतला आणि पळाला. वीस वर्षं मामाकडे काढून तो परत येतोय, आणि निरोप येतो की एसाव चारशे माणसं घेऊन निघालाय. याकोब काय करतो? नुसता सॉरीचा निरोप पाठवत नाही. दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस एडके, तीस दुभत्या सांडणी पिल्लांसकट, चाळीस गाई, दहा बैल, वीस गाढवी, दहा गाढवं. कळप कळप वेगळे करून, मध्ये अंतर ठेवून पुढे पाठवतो. पाळकसाहेबांनी ही यादी फळ्यावर लिहिली आणि विचारलं हे काय आहे? कुणी म्हणालं भेट, कुणी म्हणालं लाच. मावशी मागून म्हणाल्या, "जे घेतलं होतं ते परत करायलाय." हॉल एकदम गप्प. मग पाळकसाहेबांनी जक्कय जोडला, लूक 19 मधला जकातदार, ज्याला ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो असं तो म्हणाला तेव्हा येशू म्हणतो आज या घराला तारण झालं. ज्यांच्या भांडणात पैसा-जमीन आहे, आणि आमच्या हॉलमध्ये अशीच जास्त होती, त्यांनी आधी वही काढायची, मिठी मागून.

पुढे एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, दोघं रडतात, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या पुढचं कुणी वाचत नाही. एसाव म्हणतो चल, आता बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो पोरं लहान आहेत, गाईगुरं पिल्लांची आहेत, एक दिवस जरी जास्त हाकलली तर मरतील, तू हो पुढे, मी सावकाश येतो तुझ्या सेईरला. आणि मग जातो कुठे, तर सुक्कोथला, तिथे घर बांधतो! सेईरला जात नाही. पाळकसाहेब म्हणाले याकोबाची जुनी खोड आहे, शब्द एक आणि करणी दुसरी, पण नीट बघा, देवानं त्यासाठी त्याला शिक्षा केल्याचं कुठे लिहिलेलं नाही आणि एसावही मागे लागत नाही. दोघं वेगवेगळे राहिले. आणि उत्पत्ति 35 च्या शेवटी इसहाक मरतो तेव्हा त्याला पुरायला दोघं भाऊ येतात. एसाव आणि याकोब, दोघांची नावं एका ओळीत.

हे ऐकून माझ्या मानेवरचं काहीतरी उतरलं म्हणा. कारण मला जी भीती होती ती हीच, की दादाशी समेट म्हणजे पुन्हा दर दिवाळी-नाताळला त्यांच्याकडे जायचं, वहिनीचे टोमणे ऐकायचे, आणि पहिल्यासारखं "आमची ताई किती समजूतदार" व्हायचं. ते नकोच होतं मला. इथे कळलं की तेवढं करायची सक्ती नाही, सुक्कोथ पण चालतं. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी मात्र मान हलवली, त्या म्हणाल्या हे काय समेट, एकत्र जेवलं नाही तर समेट कसला. त्यांचं पण चूक नाही, त्यांच्या पिढीचं तसंच असतं. पण मला विचाराल तर या शिबिराची सगळी किंमत त्या एका तासात वसूल झाली.

नंतरची बैठक कशी असते ते सांगते कारण जाहिरातीत ते काहीच नसतं. मत्तय 18 प्रमाणे चालतात, आधी दोघांनी एकट्यानं बोलून बघायचं, नाही जमलं तर एक-दोघांना बरोबर घ्यायचं, मंडळीपुढे न्यायचं ते अगदी शेवटी. व्हॉट्सॲपवर काहीही पाठवायला मनाई, फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नाही. दादाला फोन मावशींनी केला, पाळकांनी नाही, मुद्दाम. पाळकांचा फोन आला की लोक हो म्हणतात आणि येत नाहीत, मावशीला नाही म्हणतात आणि येतात, असं त्यांचं म्हणणं. आणि झालं पण तसंच, दादा आधी नाही म्हणाला आणि काही आठवड्यांनी शुक्रवारच्या हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री आला, स्टेशनजवळ लॉजवर उतरला. घर असून लॉजवर. असो.

हॉलच्या मागच्या खोलीत टेबल, चार खुर्च्या, मावशी आणि एक रिटायर बँकवाले काका. प्रार्थना एकच, अर्धा मिनिट. मग दोघांपुढे कोऱ्या वह्या ठेवल्या. दादानं साडीच्या दुकानाची जुनी कॅरीबॅग काढली आणि त्यातून फाईल, आईच्या डायलिसिसची बिलं, औषधांच्या पावत्या पिना मारून महिन्याप्रमाणे, आणि एका पतसंस्थेचं पासबुक. कर्ज काढलं होतं त्यानं, हप्ते अजून चालू होते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं कारण आईनंच त्याला शपथ घातली होती की ताईला सांगू नको, तिचं सासर आहे. दादा बोलायला लागला, "तू एकदा जरी विचारलं असतंस की..." तर मावशींनी टेबलावर बोट आपटलं. "विचारलं असतं-नसतं नंतर. आधी पावती वाचा, तारीख, रक्कम." आणि खरंच तो वाचायला लागला, आणि काका लिहायला लागले, आणि तासभर आम्ही फक्त आकडे बोललो. मी पण माझ्याकडचं सांगितलं, आठवड्यातून दोनदा रिक्षानं आईला नेणं-आणणं कोण करत होतं, रात्री दवाखान्यात कोण झोपत होतं. काकांनी तेही लिहिलं, त्याला रक्कम लावली नाही, वेगळ्या पानावर लिहिलं. त्या पानाकडे दादा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "शुक्रवारी पण तूच जायचीस? मला वाटलं शेजारची मुलगी जाते."

निकाल काय लागला, तर हक्कसोड नाही. प्रॉपर्टी कार्डावर दोघांची वारसनोंद करायची, घर भाड्यानं द्यायचं, भाड्यातून आधी पतसंस्थेचं कर्ज फेडायचं, मग भाडं निम्मं निम्मं. वकिलानं कागद केला. मिठी-बिठी काही झाली नाही. जाताना त्यानं मुलीच्या लग्नाचा अल्बम आहे का विचारलं, मी म्हणलं फोनमध्ये आहे, तर उभ्याउभ्याच सगळा बघितला, कोण कोण आलं होतं विचारत विचारत.

आणखी एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. शिबिरात सगळेच जन्मानं ख्रिस्ती नव्हते, एक पोरगा होता, त्यानं बाप्तिस्मा घेतल्यापासून घरच्यांनी बोलणं टाकलेलं. अशा वेळी आपल्याकडे सल्ला काय मिळतो, तर सोशीत राहा, त्यांच्यासाठी प्रार्थना कर, तुझा छळ होतोय. मावशींनी त्याला लक्ष्मीबाई टिळकांचं सांगितलं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा त्याला विरोध होता, दोघं वर्षानुवर्षं वेगळे राहिले, आणि परत नांदायला आल्यावरही बाईंनी लगेच काही सोडलं नाही, स्वतःला पटल्यावर मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी घर जुळलं, बाकीचं बाईंच्या चालीनं. मग मावशी त्या पोराला म्हणाल्या, "घरी जा, आईच्या हातचं जेव, आणि प्रवचन देऊ नकोस. ताट घासून ठेव." पोरगा लिहून घ्यायला लागला तर म्हणाल्या हे काय लिहायचंय!

आता तक्रारी. एक, स्वयंसेवकांना अजून ट्रेनिंग पाहिजे. रविवारी दुपारी एक तरणा स्वयंसेवक गिटार घेऊन आला आणि एका बाईला तिच्या जावेच्या गळ्यात पडायला लावायला लागला, "सिस्टर, आत्मा सांगतोय आत्ताच करा" म्हणून. ती बाई आक्रसून गेली. मावशींनी त्याला बाहेर नेलं पण तोवर व्हायचं ते झालं, ती जाऊ नंतर बैठकीला आलीच नाही असं ऐकलं. फॉर्ममध्ये एवढी काळजी घ्यायची आणि मग हे, हे बरोबर नाही.

दोन, साक्ष. शेवटच्या तासाला माईकवर येऊन साक्ष द्या, म्हणजे आपला अनुभव सांगा, म्हणतात आणि कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. नाव गुप्त ठेवू म्हणता आणि व्हिडिओ काढता? मी सांगितलं तेव्हा डिलीट केला असं म्हणाले. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौलानं स्वतःच लिहिलंय, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीनं राहा. त्यात अर्धं काम समोरच्याचं आहे, आणि समोरचा अजून हो पण म्हणालेला नसताना तुम्ही माईकवर हालेलुया कसलं करता? पौलाचं स्वतःचं त्याच्या सोबत्याशी, बर्णबाशी, एवढं बिनसलं होतं की दोघं वेगळ्या वाटेनं गेले, प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये आहे, भांडण मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून. त्याच मार्काला पुढे तो पत्रात लिहून बोलावून घेतो, मला उपयोगाचा आहे म्हणतो. मध्ये वर्षं गेली. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत उरकायचं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन, तेलुगू. सोलापुरात तेलुगू घरं किती आहेत हे मी सांगायला नको, आणि त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबं पण आहेत. एक आजोबा-आजी आले होते, मराठी समजतं पण मनातलं बोलायला तेलुगूच लागतं, त्यांना शेवटी नातवानं भाषांतर करून दिलं. सुनेबद्दलची तक्रार नातवाच्या तोंडून! त्याचीच आई ना ती. हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कुणी जावं, तर ज्यांचं भांडण घर, पैसा, दुखणं, लग्नातले मानपान असल्या गोष्टींवरून आहे आणि समोरचा माणूस अजून फोन उचलतो, त्यांनी जरूर जा. कागदपत्रं असतील तर शिबिराला नको, बैठकीला न्या, मूळ प्रत घरी ठेवून झेरॉक्स न्या. नवरा-बायकोचं प्रकरण असेल तर दोन दिवसात काही होणार नाही, तिथे वेगळं समुपदेशन लागतं आणि ते लोक स्वतःच तसं सांगतात, हे मला आवडलं. ख्रिस्ती नसाल तरी घेतात, वचनं ऐकावी लागतील एवढंच. पाण्याची बाटली आणि रुमाल न्या, पुढे कूलरजवळ बसा, माईकचं मनावर घेऊ नका.

एक स्टार कापलाय तो गिटारवाल्यासाठी आणि व्हिडिओसाठी मिळून. पुढची बॅच पावसाळा संपल्यावर आहे म्हणाले. तोवर तेलुगू बोलणारी एखादी मावशी मिळाली तर मी परत येऊन अर्धा स्टार वाढवेन, आणि तुमच्या ओळखीत कुणी असेल, अशोक चौकाकडे वगैरे, रिटायर टीचर किंवा सिस्टर, तर सांगा, नंबर मी मावशींना पोचवते.